पावणेचारची हाक

माझ्या नवऱ्याचं जहाज बुडालं त्याला आता वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मला तीन माणसांनी येऊन सांगितलं, "तो खाली कामावर होता, क्षणात गेला." तिघं वेगवेगळ्या दिवशी आले, वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसले आणि शब्द मात्र तेच, एक इकडचा तिकडे नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. ही जहाजावरची माणसं मीठ कमी पडलं की जास्त, एवढ्यावरून हातघाईवर येतात, त्यांचं एवढं एकमत कधीपासून व्हायला लागलं? पण दुःखात माणसाची अक्कल चरायला जाते, तशी माझीही गेली होती.

आमचे हे मालवाहू जहाजावर आगवाले होते. आगवाला म्हणजे जहाजाच्या पोटात, पार तळाशी उभं राहून बॉयलरच्या भट्टीत फावड्यानं कोळसा घालणारा माणूस. माझा धाकटा भाऊही त्याच जहाजावर, त्याच कामावर होता. ह्यांनीच त्याला चिकटवून दिलं होतं. धाकट्याची पाळी दुपारी बारा ते चार आणि ह्यांची चार ते आठ. एक वर यायचा, दुसरा खाली जायचा. मी इकडे कारखान्यात जहाजांच्या ताडपत्र्या शिवायची. हातात दाभण आणि मेणाचा दोरा असायचा, पण भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले की मनात यायचं, आता धाकटा वर आला, आता हे उतरले. समुद्रावरचे चार आणि आपले चार एक नसतात, हे धाकट्यानं मला दहा वेळा समजावलं होतं. समजलं होतं मला. पण तरी मी रोज चारला घड्याळाकडे बघायचीच.

मग कंपनीचं पत्र आलं. चार वाजून पस्तीस मिनिटांनी टॉर्पेडो लागला, बावीस मिनिटांत जहाज बुडालं, एकेचाळीस जणांपैकी सात जण नऊ दिवसांनी एका होडीत सापडले. सातांत धाकटा होता, हे नव्हते. ज्या पत्रात मला विधवा केलं त्याच पत्रात भाऊ परत दिला. काय करायचं अशा पत्राचं? नवऱ्यासाठी रडायला बसले की भाऊ जिवंत असताना रडतेय म्हणून लाज वाटायची. भावाला जेवायला वाढताना बरं वाटलं की त्याचीही लाज वाटायची. शेवटी मी सगळ्यांवर खेकसत राहायचा मार्ग धरला, तो मला जमतोही चांगला.

पण खरं सांगते, त्या एका वाक्यानं मला पोखरलं. 'खाली कामावर' म्हणजे बॉयलरपाशी. टॉर्पेडो लागल्यावर बॉयलर फुटतो आणि वाफ सुटते. वाफ माणसाचं काय करते हे आगवाल्याच्या बायकोला कुणी शिकवावं लागत नाही. एका गळक्या नळीनं ह्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टा उठवला होता, तो मी दीड महिना मलम लावून बरा केला होता. ती साधी नळी होती. 'क्षणात' म्हणे! क्षण केवढा असतो ते मला कळायला लागलं होतं. दाभण बोटात गेलं की तो क्षण किती लांबतो, हे विचारा कुणी मला.

सासूबाईंचंही तेच चालू होतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण किटलीचं झाकण थडथडायला लागलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. मी चार दिवस बघितलं आणि स्टोव्ह उचलून मागच्या पायऱ्यांवर नेला. त्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. एरवी स्टोव्ह वीतभर सरकला असता तरी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि धाकटा? तो आमच्याकडेच, पुढच्या खोलीत राहायचा. पूर्वी हा माणूस बोलायला लागला की थांबवावा लागायचा. आता हूं की चूं नाही. गोदीत काम असलं तर जायचा, नसलं तर भटकत बसायचा. सासूबाई जेवायला बसल्या की ह्याला भूक नसायची. त्या झोपल्या की हा येऊन गार झालेलं जेवायचा. त्यांना वाटायचं, आपला गेला आणि हा राहिला, म्हणून ह्याला आपलं तोंड बघवत नाही. मलाही तसंच वाटायचं.

आणि महिन्यापूर्वी त्यानं नवीनच खूळ काढलं. दारूगोळा नेणाऱ्या एका जहाजावर आगवाले हवे होते. कुणी नाव देत नव्हतं, कारण त्या जहाजाला काडी लागली तरी खेळ खलास. ह्यानं जाऊन नाव दिलं. सोमवारी सकाळी कचेरीत सही करायची आणि दुपारी चढायचं.

मी विनवलं, धमकावलं, दोन दिवस अबोला धरला. तो म्हणायचा, "कुणीतरी जायलाच हवं, ताई." मी म्हणायची, "तो कुणीतरी तूच का? आजवर एकदा बुडालास तेवढं पुरे नाही झालं?" त्यावर तो उठून बाहेर जायचा. मग गेल्या आठवड्यात त्यानं नवेकोरे बूट शेजारच्या मुलाला देऊन टाकले. दोनदा सुद्धा घातले नव्हते. परत यायचं असलेला माणूस नवे बूट वाटतो का? त्या दिवशी मला कळलं. हा काही कामाला चालला नव्हता, मरायला चालला होता. आणि एवढं कशासाठी, ते मात्र कळत नव्हतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं. दारात काठी टेकत उभा होता जहाजाचा आचारी. सात जणांतलाच हा एक. होडीत त्याच्या पायाची बोटं थंडीनं काळी पडली आणि कापावी लागली, त्यामुळे तो दहा महिने दुसऱ्या बंदरातल्या इस्पितळात होता. सुटून आल्यावर पहिला आमच्याकडे आला. धाकटा घरात नव्हता, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी चहा दिला. त्यानं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हा चहा आहे की काढा?"

"फुकट मिळतोय तो प्या," मी म्हटलं.

तो खो खो हसला. मला बरं वाटलं. आमच्याकडे येणारे सगळे आवाज खाली आणून बोलायचे, हा पहिलाच मोठ्यानं बोलत होता. बोलता बोलता होडीवर आला. पाणी कसं झाकणानं मोजून दिलं, कप्तान कसा तिसऱ्या दिवशी गेला, पावसाचं पाणी शर्टात धरून कसं पिळलं.

"आणि तुमच्या भावाला तर आम्ही ओळखलंच नाही! होडी सुटता सुटता त्यानं वरून उडी घेतली. डोक्यापासून पायापर्यंत कोळसा, अंगात नुसती बनियन. मी म्हटलं, हे कुठलं भूत आलं आमच्यात! जहाजावरच्या सुतारानं फडकं भिजवून त्याचे डोळे पुसले तेव्हा कळलं, अरे, हा तर आपलाच."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. आगवाला पाळी संपवून वर आला की आधी बादलीभर गरम पाणी घेतो, मग जगाशी बोलतो. ह्यांचंही तसंच होतं आणि धाकट्याचंही. चारला पाळी संपलेला माणूस चार पस्तीसला कोळशानं माखलेला कसा?

"तो खालून आला होता?" मी विचारलं.

"मग? भट्टीसमोरून आलेला माणूस काय गोरा असतो? टॉर्पेडो लागला पुढच्या अंगाला, म्हणून तर खालचे वाचले. पाचही आगवाले शिडीनं वर आले. दोघं आमच्या होडीत, तिघं दुसरीत. ती दुसरी उलटली, त्यांचं नशीब. पण पुढे झोपायच्या खोल्या होत्या ना, तिथलं कुणी..."

"आणि आमचे हे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आतल्या दाराकडे बघितलं. "म्हणजे... ते पुढेच होते ना? तुमच्या भावानं सांगितलं नाही?"

त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मी आपला तोंडाचा फाटका! वहिनी, मला काही माहीत नाही. त्यालाच विचारा." आणि अर्धा कप चहा तसाच टाकून, काठी सावरत, दहा बोटं शाबूत असल्यासारखा तो पायऱ्या उतरून गेला.

धाकटा दुपारी एक वाजता आला. तोवर मी स्वयंपाकघर तीनदा पुसलं होतं. बघितल्या बघितल्या म्हटलं, "बस."

"ताई, मला जरा..."

"बस म्हटलं ना. चार पस्तीसला तू कुठे होतास?"

तो बसला. खोटं बोलायचं असतं तर लगेच बोलला असता, पण बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "खाली."

"आणि हे?"

"झोपले होते."

मग त्यानं सांगितलं. सांगताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"भाऊजींना तीन दिवस ताप होता. कुणाला सांगू नकोस म्हणाले. आमच्यात रीत आहे, ताई. दुसऱ्याला उठवायचं ते ज्याची पाळी संपत आली त्यानंच. पावणेचारला वर जायचं, हाक मारायची आणि तो उठून बसेपर्यंत जागचं हलायचं नाही. मी गेलो. तीन रात्री ते खोकत होते, डोळ्याला डोळा नव्हता. आणि त्या दिवशी बघतो तर गाढ झोपलेले. तोंड उघडं टाकून. मी हाक मारलीच नाही. म्हटलं, तासभर मीच ओढतो, पाचला उठवू. आणि परत खाली गेलो."

मी हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"खालचे सगळे वर आले, ताई. सगळे. मी एक हाक मारली असती तर तेही आले असते."

खरं सांगते, त्या घडीला मला त्याचा राग आला. भयंकर राग आला. एक हाक! ह्याला एरवी बडबडायला चोवीस तास कमी पडायचे आणि एक हाक मारता आली नाही? मी उठून खिडकीपाशी गेले, कारण समोर बसले असते तर माझ्या हातून काहीतरी झालं असतं. तिथे उभी राहून मी खालच्या रस्त्यावरच्या हातगाड्या बघत राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग मनात आलं, ह्याच्या जागी मी असते तर? तापानं फणफणलेला नवरा तीन रात्रींनी झोपलाय आणि मी त्याला गदागदा हलवून उठवलं असतं, कोळसा घालायला? मी तर दारातून कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नसतं. तापलेल्या माणसाला झोपू देणं हा गुन्हा असेल तर घरोघरच्या बायका तुरुंगात जातील.

"मग ते 'खाली कामावर होता' कुणी काढलं?" मी विचारलं.

"सुतारानं. होडीत, पाचव्या दिवशी. तुला नाही कळायचं. पाळीची वेळ झाल्यावर अंथरुणात मेलेला आगवाला म्हणजे आमच्यात फार नाचक्कीची गोष्ट. मागे एक जण तसा गेला होता, लोक अजून त्याच्या मुलाला झोपाळूचा मुलगा म्हणतात. भाऊजींसारख्या माणसाचं तसं व्हायला नको होतं. आचारी तेव्हा पायांच्या तापानं बेशुद्ध होता, बाकीच्यांनी ठरवलं, कामावर होते म्हणून सांगायचं. तुमची मान ताठ राहील."

"मान ताठ!" मी ओरडले. "मेल्या, वर्षभर मी त्यांना वाफेत भाजतेय रे!"

ही शिवी माझ्या तोंडात लहानपणापासूनची. पण जहाज बुडाल्यापासून मी ती एकदाही उच्चारली नव्हती. ती बाहेर पडली आणि तिच्यामागून सगळंच बाहेर पडलं. मी त्याला सांगितलं, रोज दुपारी चारला काय व्हायचं ते. बॉयलर कसा फुटायचा, हे शिडीकडे कसे धावायचे, शिडी कशी तापलेली असायची, हात कसे सुटायचे. रोज नवीन. कधी त्यांना शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत न्यायची मी, आणि तिथून पडायचे. तो पांढराफटक पडून ऐकत होता.

"जागे झाले असतील का?" मी विचारलं.

"नाही. पहिला दणका तिथेच बसला. मी वर आलो तेव्हा पुढचा भाग उरलाच नव्हता, ताई. आवाजसुद्धा नसेल आला त्यांना."

मी जमिनीवरच बसले आणि रडले. वर्षात रडले नव्हते अशी. आणि मला बरं वाटलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हे झोपले होते. शिडी नव्हती, वाफ नव्हती. ह्या शहाण्यांनी एवढी काळजी घेऊन माझ्यापासून जे लपवलं, तेच ऐकायला मी तडफडत होते.

धाकटा मात्र आपलंच धरून बसला होता. "आता कळलं ना तुला? मग मला जाऊ दे. त्यांची पाळी राहिलीये, ती मी करतो."

"जा," मी डोळे पुसत म्हटलं. "जायचंच असेल तर मी कोण अडवणार? पण आधी आत जाऊन हे सासूबाईंना सांग."

तो ताडकन उभा राहिला. "मावशींना? नाही. ते नको. त्यापेक्षा दुसरा टॉर्पेडो परवडला."

"त्याही त्याच वाफेत उभ्या आहेत. तुझ्या आधी त्यांना तिथून बाहेर काढ. मग तुला कुठे बुडायचं तिथे बूड."

तो दारापर्यंत गेला, थांबला, माझ्याकडे बघितलं. मी बोट दाखवलं. आत गेला.

सासूबाई जाग्याच होत्या, पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसलेल्या. त्यांनी काही ऐकलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. धाकटा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. स्वतःची बाजू म्हणून एक शब्द घातला नाही. ताप, पावणेचार, न मारलेली हाक. शेवटी म्हणाला, "माझ्यामुळे गेले ते, मावशी."

मी दारात उभी होते. सासूबाईंना राग आला तर त्या हातातलं भिरकावतात, म्हणून मी त्यांचे हात बघत होते. हात मांडीवरच होते. मग त्यांनी विचारलं,

"अंगावर पांघरूण होतं का रे त्याच्या?"

"होतं," तो म्हणाला. "मीच नीट केलं. पायांना पुरत नव्हतं, म्हणून माझा कोट काढून पायांवर घातला."

"त्याचे पाय गारच पडायचे. लहानपणापासून." त्या थोड्या पुढे वाकल्या. "आणि मग तू? होडीत?"

"मी काय, तसाच."

"बनियनवर? नऊ दिवस?"

"आचाऱ्यानं अर्ध्या घोंगडीत घेतलं मला."

सासूबाईंनी हात पुढे केला. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्यांनी त्याचा दंड धरला, तिथेच, उघड्या अंगावर थंडी वाजते तिथे, आणि चोळायला लागल्या. जोरजोरात, हिवाळ्यात मुलाला आंघोळ घातल्यावर चोळतात तशा. एक दंड झाला, मग दुसरा. तो मान खाली घालून बसून राहिला. त्याचे खांदे हलायला लागले तरी त्या थांबल्या नाहीत.

"उद्या कुठे जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला.

महिनाभर मी घसा कोरडा केला तेव्हा ह्यानं माझा एक शब्द ऐकला नाही, आणि त्यांच्या चार शब्दांना 'बरं'! मी दारातच उभी राहून दोघांवर चिडले. "तिथे काय उभी राहिलीस?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या. "त्याचा तो हात धर, माझे दुखायला लागले." मी आत गेले आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले.